गाडीचा मिसफायर, सर्व्हिस सेंटरची तीन बिलं आणि घोटीचा पाऊस

मी घोटीला शाळेत शिकवते आणि राहते नाशिकला, इंदिरानगरात. रोजचं जाणं-येणं सत्तर किलोमीटरच्या आसपास. गाडी २०१८ ची, १.२ लिटरची चार सिलेंडरची पेट्रोल हॅचबॅक. जूनमध्ये तिचे ६१,००० किलोमीटर झाले होते आणि तोवर तिने मला रस्त्यात कधी उभं केलं नव्हतं. जून-जुलै या काळात एका बिघाडापायी मी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला ११,७१० रुपये भरले आणि बिघाड सापडला दुसरीकडेच. दर खेपेला बिल भरून तेच दुखणं घरी आणणारे आणखीही असतील, म्हणून सगळं तारखांसकट लिहितेय.

२४ जून, मंगळवार. २०२५ चा पाऊस मे महिन्यातच येऊन ठेपला होता. विल्होळीपर्यंत रस्ता कोरडा, रायगडनगरला भुरभुर आणि वाडीवऱ्हे ओलांडलं की धो धो. नाशिककरांना हे सांगायला नको. शहरात ऊन पडलेलं असतं तेव्हा इगतपुरी तालुक्यात पुढच्या ट्रकचे दिवे दिसत नाहीत. गोंद्याच्या जवळ गाडीने झटका दिला. अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर पुढे जायच्या ऐवजी ती थरथरू लागली. चौघं मिळून ओझं ओढताहेत आणि एकाने मध्येच हात सोडला, तसं वाटत होतं. नंतर कळलं की झालं होतं ते नेमकं हेच. इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. मागून कंटेनर येत होते, शेजारी बसलेल्या सहकारी बाईंनी माझा हात घट्ट धरला होता. कशीबशी डावीकडे घेतली. दहा मिनिटांनी पुन्हा चालू केली तर थरथर कमी झाली होती, पण दिवा तसाच राहिला.

हा दिवा नुसता लागून राहिला तर गाडी सावकाश चालवत गॅरेजपर्यंत नेता येते. तो लुकलुकत असेल तर मात्र वेग लगेच कमी करून गाडी बाजूला घ्यायची. एखाद्या सिलेंडरमध्ये पेट्रोल पेटत नसलं की ते न जळताच सायलेन्सरच्या वाटेने जातं आणि तिथल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणारा भाग) पेटून तो भाजून काढतं. तो भाग फार महाग येतो. मला हे तेव्हा माहीत नव्हतं, मी तशीच घोटीपर्यंत गेले.

२८ जूनला, शनिवारी, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी नेली. सकाळी साडेनऊचा नंबर होता, अ‍ॅडव्हायझर समोर आला पावणेअकराला. मी त्याला सांगितलं, "वाडीवऱ्ह्याच्या पुढे, जोराच्या पावसात गाडी मिसिंग मारते, झटके देते. नाशिकमध्ये काही होत नाही." त्याने टॅबवर टाइप केलं आणि मी सही केली. बाकी सगळी कहाणी या सहीतच आहे, पण ते मला महिनाभराने समजलं. जॉबकार्डावर माझ्या तक्रारीच्या जागी दोनच गोष्टी होत्या: "चेक इंजिन लाइट ऑन" आणि "पिकअप लो". पाऊस, घोटी, नाशिकमध्ये न होणं, यातलं एक अक्षर नव्हतं. आत काम करणाऱ्या माणसाशी माझं कधी बोलणं झालंच नाही. त्याच्या हातात गेलं ते फक्त ते कार्ड.

संध्याकाळी गाडी मिळाली. स्कॅनरवर पी ०३०३ हा कोड आला होता. पी ०३०० म्हणजे कुठल्याही सिलेंडरमध्ये अधूनमधून मिसफायर, म्हणजे पेट्रोल नीट न पेटणं, आणि शेवटचा आकडा १ ते ४ असेल तर त्या-त्या सिलेंडरमध्ये. म्हणजे माझ्या गाडीत तिसऱ्या सिलेंडरमध्ये. तो सिलेंडर पेटत नाही एवढं कोड सांगतो, का पेटत नाही ते सांगत नाही. ठिणगी पाडणारा प्लग, त्याला वीज देणारी कॉइल, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर, वायरिंग, सिलेंडरमधला दाब (कॉम्प्रेशन) यांपैकी काहीही असू शकतं. त्यांनी चारही प्लग बदलले, इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी साफ केली, इंजेक्टर साफ केले. स्कॅनिंग ९००, थ्रॉटल बॉडी ७५०, इंजेक्टर १,२००, त्यावर १८ टक्के जीएसटी. प्लग ७६० चे, त्यावर २८ टक्के. (सुट्या भागांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला, तेव्हा २८ होता.) एकूण ४,३३६ रुपये. या बिलाबद्दल माझी आजही तक्रार नाही. जुने प्लग मी पाहिले, ते झिजलेले होते आणि बदलायला आलेच होते.

चार दिवस गाडी छान चालली, कारण ते चार दिवस घोटीतही उघडीप होती. ३ जुलैला पुन्हा तेच झालं, तेही मुंढेगावच्या अलीकडे.

५ जुलैला गाडी पुन्हा दिली. "कॉइल गेलीय मॅडम, मागवावी लागेल." कॉइल आली ९ जुलैला. कॉइल २,३५०, मजुरी आणि पुन्हा स्कॅनिंग मिळून १,२००, कर धरून ४,४२४ रुपये. या खेपेला मी एक गोष्ट बरी केली. जुनी कॉइल मला परत हवी, असं जॉबकार्डावर लिहायला लावलं होतं. काउंटरवरच्या मुलीने ती एका पिशवीत घालून दिली आणि मी ती वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत टाकली. बदललेला जुना भाग मागून घ्या, पण मागायचा तो गाडी देताना. नंतर मागितला तर बहुतेक वेळा तो भंगारात गेलेला असतो.

त्याच दिवशी मी शाळेच्या पिशवीत एक छोटी वही ठेवली. तारीख, वेळ, गाव, पाऊस किती, दिवा लागला का, लुकलुकला का. मुलांना प्रयोगवहीत जे लिहायला लावते तेच मी लिहू लागले. १५ जुलैपर्यंत नऊ नोंदी झाल्या. झटक्याच्या तिन्ही नोंदींपुढे "मुसळधार" लिहिलेलं होतं आणि तिन्ही वाडीवऱ्ह्याच्या पलीकडच्या होत्या. १५ तारखेला तर दिवा इतका लुकलुकला की मी गाडी टपरीच्या आडोशाला लावून चाळीस मिनिटं थांबले. पहिले दोन तास दुसऱ्या बाईंनी सांभाळले. सहकारी बाईंनी तेव्हा दिव्याचा आणि आवाजाचा व्हिडिओ काढला, तो पुढे फार कामाला आला.

१६ जुलैला गाडी तिसऱ्यांदा दिली. वही दाखवली. अ‍ॅडव्हायझर मान हलवत म्हणाला, "आम्ही ट्रायल घेतो मॅडम. साहेब येणार असतील तर त्यांना टेक्निकल समजावून सांगतो." गाडी मी चालवते, झटके मला बसतात, आणि समजावून सांगायचं नवऱ्याला. मी म्हटलं, मलाच सांगा. पण तेव्हाही मी कार्ड वाचून सही केली नाही. पाऊस सुरू झाला होता आणि मला बस पकडायची होती.

त्या आठवड्यात एसटी आणि काळीपिवळी करत शाळेत गेले. रोजचे साधारण १८० रुपये आणि दीड तास जास्त. रोज दुपारी फोन करायचा, रोज "ट्रायल चालू आहे" हे उत्तर. ट्रायल कुठे घेता विचारलं तर नाशिकमधल्याच पाथर्डी फाट्यापर्यंत. तिथे ऊन होतं. २३ जुलैला फोन आला: "ईसीयू बदलावा लागेल, अंदाजे ३८,००० रुपये. अ‍ॅप्रूव्हल द्या."

ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर. मी विचारलं, तो खराब आहे हे कोणत्या तपासणीत दिसलं? उत्तर आलं, "बाकी सगळं बदलून झालंय ना मॅडम." त्या वाक्याने मी जागी झाले. शोधून काढणं वेगळं आणि एकेक भाग बदलत उरेल त्यावर बोट ठेवणं वेगळं. आणि ते "बाकी सगळं" माझ्या पैशाने बदललं जात होतं.

२४ जुलैला गाडी आणायला गेले. नवीन भाग एकही नाही आणि बिल २,९५० रुपयांचं: डायग्नोसिस चार्जेस २,५०० अधिक जीएसटी. शेरा होता, "नो फॉल्ट फाउंड, ऑब्झर्व्ह." फॉल्ट सापडला नाही आणि ३८,००० चा भाग बदला, ही दोन्ही वाक्यं एकाच सर्व्हिस सेंटरची. बिल भरल्याशिवाय गेट पास मिळत नाही. तिथूनच वकील मावसभावाला फोन लावला. त्याने सांगितलं, दुरुस्तीला दिलेली वस्तू मजुरी मिळेपर्यंत अडवून ठेवायचा हक्क भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७० मध्ये आहे. तिथे वाद घालून गाडी सुटणार नाही. पैसे भर, पण हरकत लिहून भर. मी त्यांच्याकडच्या बिलाच्या प्रतीवर लिहिलं, "बिघाड सापडलेला नाही. या रकमेला हरकत नोंदवून पैसे भरत आहे." खाली सही, तारीख, वेळ. कॅशियर थोडा घुटमळला, पण त्याने ती प्रत घेतली. मी फोटो काढला. पैसे कार्डाने भरले. अशा वेळी रोख देऊ नये.

त्याच दिवशी तिन्ही जॉबकार्डांच्या प्रती मागून घेतल्या. घरी येऊन जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि तेव्हा पहिल्यांदा नीट वाचल्या. तिन्हींवर तेच: "चेक इंजिन लाइट ऑन, पिकअप लो." खूप वाईट वाटलं. मी तीनदा तेच सांगितलं होतं आणि तिन्ही वेळा ते काउंटरच्या पलीकडे पोचलंच नव्हतं.

२७ जुलै, रविवार. आमच्या शाळेच्या क्लार्कने सातपूरच्या एका मेकॅनिककाकांचं नाव सुचवलं होतं. साठीचे गृहस्थ, पत्र्याची शेड, रविवारी अर्धा दिवस उघडी. मी फाइल उघडू लागले तर म्हणाले, "कागद राहू द्या बाई, आधी कधी करते ते सांगा." मी वहीतून वाचून दाखवलं. ते मधे एकदाही बोलले नाहीत. माझं संपल्यावर म्हणाले, "मग पाणीच आहे. इथं ऊन आहे तर पाणी आपण आणू."

इंजिन चालू ठेवून त्यांनी बोनेट अर्धवट टेकवलं आणि बादलीतून मगाने समोरच्या काचेवर पाणी ओतायला सुरुवात केली, सावकाश, वायपरच्या वरून. काचेवरून उतरणारं पाणी वायपरखालच्या प्लॅस्टिकच्या जाळीतून आत जातं आणि दोन्ही बाजूंच्या भोकांतून चाकांकडे पडतं. आमच्या गाडीचं डाव्या बाजूने काहीच पडत नव्हतं. चौथ्या मगाला इंजिन थरथरलं. तोच आवाज, गोंद्याचा. उन्हात, सातपूरमध्ये. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण महिनाभर जे मी फक्त सांगत होते ते पहिल्यांदा दुसऱ्या कुणीतरी ऐकलं.

स्कॅनर लावला: पी ०३०३. काका म्हणाले, "कॉइल नवीन दिसते. जुनी कुठाय?" मी डिकीतून पुडकं आणून दिलं. त्यांनी जुनी कॉइल पहिल्या सिलेंडरवर बसवली, पहिलीची कॉइल काढून बाजूला ठेवली आणि पुन्हा पाणी ओतलं. झटका तसाच, कोड पुन्हा ०३०३. जुनी कॉइल खराब असती तर कोड ०३०१ आला असता. पाच मिनिटांचं काम होतं. संशय असलेला भाग दुसऱ्या सिलेंडरवर लावायचा आणि कोड त्याच्यामागे जातो का पाहायचं. तुमच्याकडे "कॉइल गेली" म्हणाले तर बदलायला हो म्हणण्याआधी एवढंच विचारा: अदलाबदल करून पाहिली का, कोड सरकला का? आमची कॉइल चांगली होती. हे सगळं मी फोनवर रेकॉर्ड केलं.

मग त्यांनी वायपर काढून जाळी उचलली. खाली डाव्या कोपऱ्यात गुलमोहराच्या बारीक पानांचा काळा लगदा साचला होता, गाळून टाकलेल्या चहाच्या चोथ्यासारखा. पाणी जायचं भोक पूर्ण बुजलेलं. आमच्या सोसायटीत माझी गाडी गुलमोहराखालीच उभी असते. साचलेलं पाणी काठावरून ओसंडून इंजिनच्या मागच्या बाजूला पडत होतं. तिथून कॉइलच्या वायरी जातात. काकांनी बंद पेनाच्या टोकाने वायरींचा जुडगा हळूच हलवला आणि इंजिन लगेच अडखळलं. जुडग्यावरचं काळं स्लीव्ह चिरलं. आत एका वायरीचं वेष्टण बोटभर लांबीत कुरतडलेलं होतं, कडांवर उंदराच्या दातांच्या खाचा स्पष्ट दिसत होत्या. आतली तांब्याची तार हिरवी पडली होती, शेवाळासारखी, आणि त्यातले चारपाचच धागे जोडलेले उरले होते. कोरडी असताना एवढ्या धाग्यांवर काम चालत होतं. पाणी लागलं की तिसऱ्या कॉइलला जाणारा सिग्नल तुटायचा.

खराब तुकडा कापून नवी वायर डाखून जोडली, नवा कपलर लावला, टेप, स्लीव्ह, भोक साफ. पुन्हा अर्धी बादली पाणी ओतलं. इंजिन एकसारखं चालत राहिलं. अडीच तास, १,१५० रुपये. मी विनंती केल्यावर काकांनी बिलबुकाच्या पावतीवर काय सापडलं तेही लिहून दिलं: "३ नं. कॉइलची वायर उंदराने खाल्लेली, पाण्याने हिरवी. वायर बदलली. कॉइल चांगली होती." ही पावती पुढे सगळ्यात वजनदार कागद ठरली.

लगेच तक्रार लिहिली नाही. आधी घोटीचा पाऊस बघायचा होता. २९ आणि ३१ जुलैला तो भरपूर पडला, गाडीने काही केलं नाही. १ ऑगस्टला सर्व्हिस मॅनेजरला ईमेल लिहिला आणि प्रत कंपनीच्या ग्राहक सेवेला पाठवली. एका पानाचाच ईमेल: तारखा, बिलांचे आकडे, काय सांगितलं, काय लिहिलं गेलं, शेवटी काय सापडलं. सोबत वहीचे फोटो, दोन व्हिडिओ, काकांची पावती, हरकत लिहिलेलं बिल. राग त्यात लिहिला नाही. मागणी नेमकी ठेवली: गरज नसताना बदललेल्या कॉइलचे ३,००८ रुपये आणि तिसऱ्या खेपेचे २,९५० रुपये, मिळून ५,९५८. पहिल्या बिलाचे मागितले नाहीत. दुसऱ्या खेपेची मजुरीही मागितली नाही, कारण माणसांनी वेळ दिला होता. शोधूनही बिघाड सापडत नाही, असं होऊ शकतं. काय-काय तपासलं ते लिहून दिलं असतं तर तिसरं बिलही मी मुकाट्याने भरलं असतं. त्या बिलासोबत एका ओळीच्या शेऱ्यापलीकडे काही नव्हतं.

दहा दिवस उत्तर नाही. १२ ऑगस्टला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. मराठीत बोलता येतं. पंधरा मिनिटांत तक्रार नोंदवून क्रमांक मिळाला. ही हेल्पलाइन आदेश देत नाही, तक्रार कंपनीकडे पोचवून उत्तर मागते. ते जमलं नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली, मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते आणि आता ती ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. मी मसुदा तयार करून ठेवला होता.

२२ ऑगस्टला मॅनेजरचा फोन आला. पुढच्या सर्व्हिसवर पन्नास टक्के सूट देतो म्हणाले. मी नम्रपणे नाही म्हटलं आणि जे बोलणं झालं ते त्याच संध्याकाळी ईमेलने त्यांना लिहून पाठवलं. फोनवर ठरलेलं दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही. गणपतीत सगळं थंड होतं. विसर्जनानंतर, ८ सप्टेंबरला, त्यांनी प्रत्यक्ष बोलावलं. वर्कशॉपचा फोरमन पहिल्यांदा भेटला. त्याने व्हिडिओ दोनदा पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, पावसाचं आम्हाला कोणी सांगितलंच नाही." मी तिन्ही जॉबकार्डं त्याच्यासमोर ठेवली. तो खरंच बोलत होता. त्याच्यावर माझा राग नाही.

१२ सप्टेंबरला ५,९५८ रुपये खात्यात जमा झाले. बसचे पैसे, हेलपाटे, बुडालेले तास कुठे मागायचे ते मला सुचलं नाही आणि मी मागितलेही नाहीत.

ऑक्टोबरमध्ये काकांकडे ऑइल बदलायला गेले होते. त्यांनी सांगितलं, जाळीखालची पानं पावसाळ्यात दर आठवड्याला काढा, आणि बोनेटखाली उंदराच्या लेंड्या दिसल्या तर वायरी त्याच दिवशी बघून घ्या. सोसायटीत गुलमोहराखालचीच जागा माझ्या नावावर आहे, ती बदलून मिळाली नाही. दर रविवारी जुना टूथब्रश घेऊन खाली उतरते. या रविवारी जाळीखालून मूठभर पानं निघाली, कोरडी. वायरीवरचा नवा टेप जसाच्या तसा होता.